इव्हेसिव्ह या शब्दाच्या अर्थाबाबत

नगरपालिकेच्या तक्रार निवारण कक्षात आलेल्या एकाही माणसाला उत्तराविना परत पाठवायचे नाही, असा नियम होता आणि तो काटेकोरपणे पाळला जात असे. उत्तराचा प्रश्नाशी काही संबंध असावा, असे मात्र नियमात कुठेही म्हटलेले नव्हते.

कक्षाच्या प्रमुखांच्या दारावर ‘तक्रार निवारण अधिकारी’ अशी पाटी होती. शिपायाने तिचे ‘निवारणसाहेब’ केले आणि हळूहळू सारे गाव तेच म्हणू लागले. निवारणसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. कुणावर ओरडत नसत, आलेल्याला खुर्ची देत, पाणी विचारत. फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. नोकरीत नवे असताना त्यांनी एका बाईंना ‘हो, उद्या नळाला पाणी येईल’ असे सांगून टाकले होते. पाणी आले नाही. बाई मात्र आल्या, आणि सगळी गल्ली सोबत घेऊन आल्या. तेव्हापासून साहेब शहाणे झाले. आता कुणी विचारले, की आमच्या रस्त्यावरचा दिवा कधी लागणार, तर ते म्हणत, “दिव्याच्या दृष्टीनं आपण सकारात्मक आहोत.” ऐकणारा माणूस जिना उतरेपर्यंत समाधानी असे. अंधार रस्त्यावर असे, आणि रस्ता दुसऱ्या खात्याकडे होता.

अशा या कक्षात एक दिवस खुद्द साहेबांचे सासरे तक्रार घेऊन आले.

सासरे निवृत्त बसड्रायव्हर. बायको वारल्यापासून बाजारामागच्या गल्लीत एकटेच राहत. त्या गल्लीच्या वळणावर गटाराचा एक खोल खड्डा होता. त्याच्यावरचे लोखंडी झाकण पालिकेने दुरुस्तीसाठी काढून नेले. झाकण गेले, खड्डा तिथेच राहिला. जन्मभर बस चालवताना खड्डे चुकवले, आता पायी चालताना त्यातल्याच एकात पडलो तर लोकांना तोंड कसे दाखवू, असे सासऱ्यांचे म्हणणे होते. जावयाला घरी सांगितले असते तरी चालले असते, पण म्हातारा नियमाचा पक्का. रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर पुढे झाला आणि झाकण कधी बसणार, असे त्याने विचारले.

घरी ज्यांना ‘बाबा’ म्हणत त्यांच्याकडे साहेबांनी ‘तक्रारदार’ या नजरेने पाहिले. आपली सूचना मोलाची आहे, झाकणाचा विषय अग्रक्रमावर आहे, सर्व संबंधितांशी समन्वय चालू आहे, असे बरेच सांगून झाले.

“तारीख सांगा,” सासरे म्हणाले.

“तारखेच्या बाबतीतही आपण गंभीर आहोत.”

सासरे थोडा वेळ तसेच बसले. कंडक्टरने घंटी वाजवेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती. इथे घंटी वाजणारच नाही हे ध्यानात आल्यावर ते उठले आणि जाता जाता त्यांनी जावयाच्या सर्दीची चौकशी केली. सर्दीवर बारकाईने लक्ष ठेवून असल्याचे त्यांना सांगण्यात आले.

सासऱ्यांनी मग तीच तक्रार वरच्या कार्यालयात नेली. त्यामुळे तिथले मोठे साहेब आढावा घ्यायला आले तेव्हा वळणावरचा खड्डा आयता त्यांच्या हाती होता. भरल्या बैठकीत त्यांनी निवारणसाहेबांना उभे केले आणि झाकण बसले आहे की नाही, एवढेच सांगा म्हणाले.

निवारणसाहेब बोलू लागले. खड्ड्याची पार्श्वभूमी त्यांनी सांगितली. मग लोखंडाचे बदलते स्वरूप, प्रगत देशांतली झाकणे, नागरिकांची खाली बघून चालण्याची जबाबदारी आणि ती लहानपणापासून अंगी बाणवण्यात शाळांचा वाटा, हे सगळे आले. बोलता बोलता ते झाकणाच्या इतके जवळ जात की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा, आणि नेमके तिथून अलगद वळत. थांबले तेव्हा मूळ प्रश्न कुणालाच आठवत नव्हता.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “रिमार्केबल,” ते म्हणाले. “इतका इव्हेसिव्ह माणूस मी आजवर पाहिला नाही.” आणि हसून जेवायला निघून गेले.

जमलेल्यांपैकी तिघांना त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. बाकीच्यांनी आशेने त्या तिघांकडे पाहिले. तिघेही खिडकीबाहेर बघत होते.

निवारणसाहेबांना इंग्रजी कामापुरते येत असे, आणि काम मराठीत होते. तरी त्यांनी डोके चालवले. इम्प्रेसिव्ह म्हणजे चांगले. प्रोग्रेसिव्हही चांगले. एक्स्पेन्सिव्ह वस्तू कधी वाईट निघाल्याचे ऐकिवात नव्हते. त्याच घराण्यातला हा शब्द, वर मोठ्या साहेबांच्या तोंडून आलेला, आणि तोही हसून. संध्याकाळी ते घरी पोचले ते जमिनीपासून वीतभर वरून चालत.

त्यांची बायको मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. बाई पेपर तपासत बसल्या होत्या. साहेबांनी बूटही न काढता बातमी दिली.

“अगं, मोठ्या साहेबांनी आज मला सगळ्यांदेखत इव्हेसिव्ह म्हटलं.”

बाईंचा लाल पेन थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलासारखा तो दारात उभा होता. अर्थ बाईंच्या ओठांवर आला होता. पण वडिलांना इथे राहायला आणायचे का, हा प्रश्न त्यांना आज पुन्हा काढायचा होता. खड्डा उघडा पडल्यापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता. नवरा खुशीत असताना विचारलेले बरे, त्याचा फुगा आत्ताच कशाला फोडा, असा त्यांनी विचार केला.

“शब्द तुम्हाला अगदी बसतो,” त्या म्हणाल्या. “माप घेऊन शिवल्यासारखा.” आणि लगेच विचारले, “मग बाबांना आणायचं का इथे?”

“त्या दृष्टीनं आपण सकारात्मक आहोत,” असे म्हणून साहेब हातपाय धुवायला गेले.

कार्यालयात दुसऱ्या दिवसापासून शब्दाची भरभराट सुरू झाली. हेडक्लार्क हा त्या तिघांपैकी एक. पण त्याच्या बढतीची शिफारस साहेबांच्या टेबलावर पडून होती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर मांजराची सही झाल्यावर बांधावी, अशा मताचा तो गृहस्थ होता. साहेबांनी अर्थ विचारलाच, तर तो म्हणे, “फार मोठा शब्द आहे, साहेब. सगळ्यांना झेपत नाही.” त्यानेच कक्षावर एक भव्य पाटी लावण्याची कल्पना मांडली. ‘सर्वाधिक इव्हेसिव्ह कार्यालय’ असा मजकूर ठरला.

घोडे अडले ते नियमापाशी. पाटीवर इंग्रजी शब्द असेल तर खाली त्याचा मराठी अर्थ देणे बंधनकारक होते. म्हणून प्रकरण रीतसर भाषा अधिकाऱ्यांकडे गेले. भाषा अधिकारी विद्वान होते. त्यांनी शब्द पाहिला, कार्यालयाचे नाव पाहिले, मग आपल्या खुर्चीचे चारही पाय चाचपून पाहिले आणि अभिप्राय दिला, की सदर शब्द संदर्भानुसार विविध छटांनी योजला जातो. संबंधित कार्यालयाने आपल्या स्तरावर उचित छटा निवडावी. हा अभिप्राय वाचून निवारणसाहेबांचा ऊर भरून आला. आपल्या तोडीचा माणूस त्यांना प्रथमच भेटला होता. पाटी रंगवणाऱ्याने खाली काय लिहू असे विचारले, तेव्हा त्याला जागा सोडायला सांगण्यात आले. त्याने सोडली.

तोवर इतर खात्यांच्या कानावर गेले होतेच. पाणी खात्याने लेखी निषेध नोंदवला, की या कार्यालयाच्या कितीतरी आधीपासून आपण इव्हेसिव्ह आहोत, पण कधी गाजावाजा केला नाही. मग सर्वांना समान संधी मिळावी म्हणून प्रशिक्षण वर्ग निघाले. निवारणसाहेब शिकवायला उभे राहू लागले. प्रश्न अंगाला लावून कसा घ्यायचा नाही, आलेल्या माणसाला त्याच्याच तोंडून ‘बरं, येतो मग’ कसे म्हणायला लावायचे, याची प्रात्यक्षिके होत. शेवटी परीक्षा असे. शिपायांच्या तुकडीला विचारले, चहा आणला का? एकाने ‘हो’ म्हटले, तो नापास झाला. “चहाच्या दिशेनं पाऊल उचललं आहे,” असे म्हणणारा पहिला आला. चहा कुणीच आणला नव्हता.

वर्षअखेरपर्यंत सर्व खात्यांनी इव्हेसिव्ह व्हावे, असे परिपत्रकही निघाले. त्यावर मोठ्या साहेबांचीच सही होती. सही करण्याआधी वाचायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती.

इकडे सासऱ्यांनी खड्ड्यावर आपल्यापुरता इलाज शोधला होता. घरातली एक लाकडी खुर्ची त्यांनी खड्ड्याशेजारी आणून ठेवली आणि तिच्या पाठीला लाल फडके बांधले. खड्ड्याची दखल इतके दिवस कुणी घेतली नव्हती; खुर्चीची दुसऱ्याच दिवशी घेतली गेली. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना फर्निचर ठेवून रहदारीस अडथळा केल्याची नोटीस त्यांना मिळाली. सही जावयाची होती. गठ्ठ्यातल्या बाकीच्या नोटिसांसारखीच ती साहेबांनी न बघता केली होती.

रिकामी खुर्ची अतिक्रमण ठरते. बसलेल्या खुर्चीबद्दल मात्र नियम मुका होता. म्हणून सासरे स्वतःच तिच्यावर जाऊन बसले. डोक्याला जुनी ड्रायव्हरची टोपी, हातात छत्री. समोरून कुणी आले की हात करून त्याला भिंतीकडेने काढायचे. हळूहळू भिंतीकडेने एक पायवाट पडली. लोकांची चांगली सोय झाली. पूर्वी एखाद्याला तरी वाटायचे की तक्रार करावी. आता खड्ड्याला माणूस मिळाला होता. जाणारे-येणारे म्हाताऱ्याला ‘बसलात का?’ असे आपुलकीने विचारत आणि वळसा घालून निघून जात.

बाई रोज दुपारी वडिलांना डबा द्यायला जात. उन्हाने म्हाताऱ्याचा चेहरा रापला होता. एकदा डबा बांधून आणलेला कागद वडिलांनी परत दिला, आणि त्यासोबत ती नोटीसही. बाईंनी सही ओळखली.

दुसऱ्या दिवशी पाटीचे अनावरण होते. मोठे साहेब यायचे होते, वार्ताहर यायचे होते. सकाळी साहेब आरशासमोर उभे राहून इस्त्रीचा सदरा घालत होते. बाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“इव्हेसिव्ह म्हणजे टाळाटाळ करणारा,” त्या म्हणाल्या. “विचारलं एक तर सांगायचं भलतंच, ताकास तूर लागू द्यायची नाही. असा माणूस.”

साहेबांची बोटे गुंडीवर थांबली. “तुला कधीपासून माहीत आहे?”

“आठवीला शिकवते मी तो शब्द.”

“मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?”

बाईंजवळ उत्तर होते. पण ते फार लांबलचक आहे, हे त्यांच्या लक्षात आले.

“टाळलं,” त्या म्हणाल्या आणि नोटीस आरशाला टेकवून ठेवली.

साहेब कार्यालयात गेले ते थेट हेडक्लार्कच्या टेबलापाशी. तुम्हाला अर्थ माहीत होता का, असे त्यांनी विचारले. हेडक्लार्कने चष्मा सावरला. “कल्पना होती असं अगदीच म्हणता येणार नाही, साहेब, आणि नव्हती असं म्हणणंही वस्तुस्थितीला धरून होणार नाही.” वाक्य साहेबांच्याच वर्गातले होते, दुसऱ्या धड्यातले. त्यांनी ते शेकडो जणांना शिकवले होते, पण टेबलाच्या या बाजूला उभे राहून कधी ऐकले नव्हते. त्यांनी आजवर ज्यांना खुर्ची देऊन, पाणी विचारून वाटेला लावले ती सगळी माणसे घरी जाताना कशी दिसत असतील, हा विचार त्यांना पहिल्यांदा शिवला आणि तो काही केल्या झटकता येईना.

समारंभ थांबवणे आता कुणाच्याच हातात नव्हते. सभागृह भरले. पहिल्या रांगेत खातेप्रमुख, दुसरीत बाई. सासरेही आले होते, खड्डा खुर्चीच्या हवाली करून. मोठ्या साहेबांनी दोरी ओढली, पडदा सरकला आणि त्यांचाच शब्द वीतभर अक्षरांत त्यांच्यासमोर उभा राहिला. खाली पांढरी, कोरी जागा.

मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले नाही, पण ते कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखे तिथे राहिले. तेवढ्यात सासरे उठले. शब्द आपला आहे असे ऐकतो, ते म्हणाले, मला इंग्रजी येत नाही, खाली मराठीला जागा सोडली आहे, तर अर्थ आपणच सांगावा.

खरा अर्थ सांगायचा तर आपण या कार्यालयाची टर उडवली होती, हे मोठ्या साहेबांना कबूल करावे लागणार. मग परिपत्रकावर सही कशी केली, हाही प्रश्न येणार. वार्ताहर लिहून घेत होते. मोठ्या साहेबांनी माईक जवळ ओढला. शब्दाला एका अर्थात बांधणे म्हणजे पाखराला पिंजऱ्यात घालणे, असे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. अर्थ हा प्रत्येकाने आपापल्या अंतरंगात शोधायचा असतो. ही कोरी जागा म्हणजे येणाऱ्या पिढ्यांवर टाकलेला विश्वास आहे. बराच वेळ ते अर्थाच्या भोवती फिरले आणि एकदाही त्याच्यावर पाय न पडू देता खाली बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. शब्दाचा अर्थ ज्यांना माहीत होता त्यांनी जरा जास्तच जोरात वाजवल्या.

टाळ्या थांबेपर्यंत सासरे उभेच होते. मग ते जावयाकडे वळले. ‘जावईबापू’ अशी हाक त्यांनी मारली नाही.

“निवारणसाहेब, आपण तरी सांगता?”

साहेबांच्या जिभेवर वाक्य तयार होते. अर्थाच्या दृष्टीनं आपण, इथपर्यंत ते येऊनही पोचले होते. समोर बाई बसल्या होत्या. त्यांचे हात मांडीवर होते, टाळ्यांनंतर खाली आलेले नव्हेत, मुळात वर न गेलेले.

“टाळाटाळ करणारा,” साहेब म्हणाले. माईक चालू होता.

सभागृह हसले. साहेब हसले नाहीत, तेव्हा हसू एकेका रांगेने विझत गेले.

“आणि झाकण?” हिरवा दिवा दिसताच गाडी काढावी तसे सासऱ्यांनी विचारले.

“मला माहीत नाही. आता जाऊन बघतो.”

आपल्याला माहीत नाही, असे एखादा अधिकारी चारचौघांत म्हणतो हे त्या सभागृहाने पूर्वी कधी पाहिले नव्हते. दोन खातेप्रमुखांना घेरी आल्यासारखे झाले. साहेब व्यासपीठावरून उतरले ते तडक भांडारात गेले. झाकण तिथेच होते. दुरुस्तीला ते कधी गेलेच नव्हते, कारण त्याला काही झालेले नव्हते. भांडारपालाने त्याच्याखाली विटा रचून त्याचे टेबल केले होते आणि त्यावर चहाचे पेले मांडले होते. साहेबांनी पेले उचलून खाली ठेवले, हातगाडी मागवली, आणि जावई ओढतो आहे, सासरा मागून ढकलतो आहे, अशी ती वरात बाजारातून वळणावर गेली. झाकण खड्ड्यावर बसले तेव्हा असा काही आवाज झाला, की समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर आला.

संध्याकाळच्या आत साहेब निलंबित झाले. जाहीर ठिकाणी थेट उत्तर देऊन कार्यालयाच्या लौकिकास बाधा आणणे, मंजुरीविना झाकण बसवणे आणि भांडारातील टेबल परस्पर हलवणे, असे आरोप होते. चौकशी समितीने त्यांना बोलावून हे सर्व आपण केले का, असे विचारले. साहेब म्हणाले, “हो.” समितीच्या कामकाजात या उत्तरापुढे काय करायचे याची तरतूद नव्हती. तिने मुदत मागून घेतली आणि ती अजून अभ्यास करते आहे. कक्षाचा कारभार हेडक्लार्क बघतो.

घरी बसल्यावर साहेबांना बाईंनी पुन्हा विचारले, बाबांना आणायचे का. ते हो म्हणाले. आपल्या ऐकण्यात काही चूक झाली असेल, म्हणून बाईंनी परत विचारले. ते परत हो म्हणाले. बाई आनंदाने वडिलांकडे धावल्या. वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, “बघू. जरा ऊन उतरू दे.”

वळणावर मात्र निराळीच पंचाईत झाली आहे. झाकण बसले, खुर्ची घरी गेली, तरी लोक भिंतीकडेनेच जातात. सासऱ्यांनी झाकणावर उभे राहून दोन्ही पाय आपटून दाखवले. बघणाऱ्यांनी फार छान काम झाले म्हणून कौतुक केले आणि वळसा घालून ते निघून गेले. साहेबांना आता वेळच वेळ आहे. ते वळणावर उभे राहतात आणि एकेकाला विचारतात, की अहो, सरळ का जात नाही? कुणी म्हणतो, सगळे असेच जातात. कुणी म्हणतो, झाकण पक्के दिसते खरे, पण आधी कुणीतरी जाऊन बघायला हवे. शाळेतल्या मुलांनाही आई हात धरून भिंतीकडेनेच नेते.

परवा त्यांनी तुम्हालाही थांबवले होते. तुमच्या दारासमोरचा खड्डा तुम्हाला माहीत आहे का, एवढेच त्यांना विचारायचे होते. हो किंवा नाही, इतके उत्तर पुरे होते. तुम्ही घड्याळात पाहिलेत, “तसं पाहिलं तर,” असे म्हणालात, आणि चालता चालताच पुढचे काहीतरी बोललात, ते त्यांना ऐकू आले नाही.